मराठी गाण्याचे शब्द स्टाफवरच्या नोटांखाली बसवताना सरकतात, त्याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही परदेशातल्या मराठी मंडळाच्या कॉयरसाठी एक गाणं म्यूझस्कोअर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिताय, चाल स्टाफवर, म्हणजे पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच रेघांवर, बरोबर उतरली आहे, पण शब्द देवनागरीत टाकायला घेतले की चौथ्या बारपासून (दोन उभ्या रेघांमधला एक भाग म्हणजे एक बार) सगळं एक नोट पुढे सरकतं, जिथे एकच अक्षर तीन-चार नोटांवर फिरतं तिथे डॅश द्यायचा की रेघ ओढायची ते कळत नाही, आणि एवढं करून पान बघितलं तर शब्द एकमेकांत घुसलेले. म्हणून विचारताय की हे सॉफ्टवेअर सोडून लिलीपाँडकडे जावं का.

लिलीपाँडचं पुढे बोलतो, पण सॉफ्टवेअर बदलून यातला पहिला प्रॉब्लेम सुटणार नाही. मी गेली बरीच वर्षं मराठी गाणी स्टाफ नोटेशनमध्ये लिहून देतोय, शाळांच्या कॉयरना, चर्चच्या ग्रुप्सना, बाहेरच्या मंडळांना, आणि शब्द सरकलेली फाईल कुणी पाठवली की दहातल्या आठ वेळा कारण एकच निघतं. कुठल्या नोटवर कुठलं अक्षर गायचं हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. चाल कानात असते, शब्द डोक्यात असतात, आणि दोन्ही आपोआप जुळतील असं धरून माणूस टाईप करत सुटतो. इंग्रजी गाण्यात हे बऱ्याचदा खपून जातं कारण शब्द कुठे तोडायचा ते डिक्शनरीत छापलेलं मिळतं. मराठीत तसं नाही, मराठीत लिहिलेलं अक्षर आणि गायलेला तुकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिथेच सगळी गडबड होते.

उदाहरणासाठी मी इथेच एक साधी ओळ बनवतो, 'अंगणात माझ्या पाऊस आला'. लिहिलेली अक्षरं मोजली तर अं, ग, णा, त, मा, झ्या, पा, ऊ, स, आ, ला, म्हणजे 11. पण हीच ओळ बोलून बघा, 'अंगणात' मधला त सुटा येत नाही, 'णात' असं एकदम येतं, 'पाऊस' मधला स सुद्धा ऊला चिकटून येतो, म्हणजे बोलण्यात तुकडे झाले 9. आता गाणारा काय करतो? तो चालीप्रमाणे या दोन्हीच्या मधलं काहीतरी करतो. कदाचित 'त' ला वेगळा सूर देऊन 'अं-ग-णा-त' असं चार तुकड्यांत गाईल आणि 'पाऊस' मात्र बोलल्यासारखं 'पा-ऊस' दोनातच संपवेल, मग तुकडे झाले 10. तुम्ही मनात 11 धरून टाईप केलं आणि चालीत जागा 10 चीच असली तर तिथून पुढचं सगळं एक घर सरकणारच. तुमच्या चौथ्या बारमध्ये माझ्या अंदाजाने असाच एखादा शब्द आहे ज्याचं शेवटचं अक्षर अकारान्त आहे. आधी तो बघा.

हे आपल्या गाण्यात जुनंच आहे. अभंगाचं मोजमाप बघा, मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, आणि हे मोजताना शब्दाच्या शेवटचा अ धरला जातो, बोलताना आपण तो खातो की नाही याचा संबंध नाही. म्हणून भजनात 'विठ्ठल' कधी 'वि-ठ्ठल' असा दोन सुरांत येतो तर कधी 'वि-ठ्ठ-ल' असा तीन सुरांत, एकाच गजरात दोन्ही येतात आणि दोन्ही बरोबर आहेत. त्यामुळे याचा नियम पुस्तकात शोधू नका. गाणाऱ्याचं ऐका. मी काय करतो, रेकॉर्डिंग असेल तर ते लावतो, नसेल तर ज्यांनी चाल दिली त्यांनाच फोनवर दोन ओळी गायला सांगतो, आणि कागदावर शब्द तोडून लिहितो. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे झालेलं पाहिजे.

मग मोजणी. हीच एक गोष्ट केली तरी तुमचं निम्मं काम होईल. वरच्याच ओळीला समजा 14 नोटा आहेत. गाणारा 'णा' दोन नोटांवर घेतो, 'झ्या' वर छोटी हरकत आहे ती तीन नोटांची, शेवटचा 'ला' दोन नोटांवर, बाकी सगळे एकेक. म्हणजे 'णा' ची एक, 'झ्या' च्या दोन आणि 'ला' ची एक, अशा चार नोटांखाली नवीन अक्षर येत नाही. 14 वजा 4, 10. आणि तुकडे किती होते, 10. जुळलं. प्रत्येक ओळीला एवढं गणित करायला अर्धं मिनिट लागतं आणि ते जुळल्याशिवाय मी टायपिंगला हातच लावत नाही. जुळत नसेल तर एकतर स्लर (एका अक्षराच्या नोटा जोडणारी कमान) राहिलाय, नाहीतर टाय (एकाच सुराच्या दोन नोटा जोडणारी कमान) मोजली गेलीये, नाहीतर तो अकारान्त शब्द.

स्लरचं मुद्दाम सांगतो कारण तुम्ही फाईलचा जो फोटो टाकलाय त्यात एकही स्लर दिसत नाही. गाण्याच्या नोटेशनमध्ये एक अक्षर जितक्या नोटांवर फिरतं तितक्या नोटांवर एक स्लर काढायचा असतो, गाणाऱ्याला वरचा स्लर बघूनच कळतं की इथे तोंड बदलायचं नाही. तो शब्दांच्या आधी काढा. म्यूझस्कोअर स्लर बघून शब्द पुढे नेत नाही हे खरं, पण तुम्हाला स्वतःला टाईप करताना समोर दिसतं की इथे दोन नोटा एका अक्षराच्या आहेत. टाय असेल तिथेही तसंच, एकच सूर लांबवलेला आहे, दुसऱ्या नोटेखाली काही लिहायचं नाही, कर्सर तिथे थांबला तर ते घर रिकामं सोडून पुढे जायचं.

आता डॅश आणि रेघ. याचा नियम अगदी साधा आहे तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शब्द अजून संपलेला नाही, पुढचं अक्षर त्याच शब्दाचं आहे, तर मध्ये डॅश. मग ते अक्षर एका नोटवर असो की सहा नोटांवर, डॅशच, अंतर जास्त असेल तर सॉफ्टवेअर स्वतःच दोन-तीन डॅश पसरून देतं. शब्द संपला पण शेवटचं अक्षर अजून फिरतंय, तर खाली रेघ. म्हणजे आपल्या ओळीत 'णा' दोन नोटांवर आहे पण त्यापुढे त्याच शब्दाचा 'त' यायचाय म्हणून डॅश, आणि 'झ्या' तीन नोटांवर आहे आणि 'माझ्या' शब्द तिथे संपला म्हणून रेघ. शब्दाच्या मध्ये रेघ कधीच येत नाही.

म्यूझस्कोअरमध्ये नोट सिलेक्ट करून कंट्रोल-एल दाबलं की शब्द टाईप करता येतात हे तुम्हाला माहीतच आहे. स्पेस दाबलं की शब्द संपला असं समजून पुढच्या नोटवर, डॅश दाबला की शब्द चालू आहे असं समजून पुढच्या नोटवर, आणि अंडरस्कोर दाबला की रेघ ओढत पुढच्या नोटवर. 'णा' सारखं अक्षर दोन नोटांवर असेल तर डॅश दोनदा दाबा. रेघेसाठी अंडरस्कोर तितक्या वेळा दाबायचा की कर्सर पुढच्या अक्षराच्या नोटवर येऊन उभा राहील. बरेच जण इथे स्पेस दाबून रिकाम्या नोटा पार करतात, दिसायला शब्द बरोबर जागी येतात पण रेघ येत नाही आणि मग ती ड्रॉ करायला हाताने लाईन टाकतात, ती लाईन पुढे बारची रुंदी बदलली की भलतीकडे राहते.

आणि इथे देवनागरीवाल्यांची एक खास अडचण आहे जी कुठल्या इंग्रजी हेल्प पेजवर तुम्हाला सापडणार नाही. तुम्ही इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड वापरत असाल तर शिफ्ट धरून डॅशचं बटण दाबल्यावर अंडरस्कोर येत नाही, विसर्ग येतो. म्हणजे तुम्ही रेघ ओढायला जाता आणि 'माझ्याः' तयार होतं. मला पहिल्यांदा हे झालं तेव्हा वाटलं फॉन्ट बिघडला, एक अख्खी संध्याकाळ फॉन्ट बदलण्यात गेली. रेघेच्या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर घ्यायचा, रेघ झाली की परत मराठीवर, एवढंच. दुसरं, तुम्ही इंग्रजीत टाईप करून मराठी होणारा कीबोर्ड वापरत असाल तर त्यात स्पेस दाबल्यावर आधी शब्द पक्का होतो, आणि मग तीच स्पेस कधी सॉफ्टवेअरला पोचते कधी पोचत नाही. पोचली नाही म्हणून आपण अजून एकदा दाबतो आणि एक नोट सुटते. तुमचं सरकणं जर दर वेळी वेगळ्या जागी होत असेल तर कारण हे असू शकतं, दर वेळी त्याच जागी होत असेल तर मोजणीचं आहे.

या दोन्हीतून सुटायला मी थेट स्कोअरमध्ये टाईपच करत नाही. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये अख्खं गाणं तोडून लिहितो, 'अं-ग-णा-त मा-झ्या पा-ऊस आ-ला' असं, शब्दांत स्पेस आणि शब्दाच्या आत डॅश, ते शांतपणे वाचून बघतो, गाऊन बघतो, आणि मग कॉपी करून पहिल्या नोटवर कंट्रोल-एल आणि नंतर पेस्ट, पेस्ट, पेस्ट. प्रत्येक पेस्टला एक तुकडा बसतो आणि कर्सर पुढे जातो, फिरणाऱ्या अक्षरापाशी थांबून डॅश किंवा अंडरस्कोर हाताने द्यायचा. व्हर्जनप्रमाणे यात थोडा फरक पडतो पण पद्धत हीच. आत्ता तुमच्या फाईलमध्ये जे सरकलेले शब्द आहेत तेही फुकट जाणार नाहीत, टूल्स मेनूमध्ये शब्द क्लिपबोर्डवर कॉपी करायची सोय आहे, ते टेक्स्ट फाईलमध्ये घ्या, दुरुस्त करा, स्कोअरमधले पुसा आणि परत बसवा. एकेक अक्षर माऊसने ओढून मागच्या नोटखाली नेऊ नका. ओढलेलं अक्षर दिसतं मागच्या नोटखाली पण सॉफ्टवेअरच्या हिशोबात ते अजून पुढच्याच नोटचं असतं, आणि ती फाईल दुसऱ्या कुणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की सगळं परत विस्कटतं. म्यूझिकएक्सएमएल (एका नोटेशन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फाईलचा प्रकार) म्हणून एक्स्पोर्ट करतो त्यात प्रत्येक तुकड्याबरोबर ही माहिती जाते की हा शब्दाचा आरंभ आहे, मधला आहे, शेवट आहे की एकटाच पूर्ण शब्द आहे, आणि पुढे रेघ आहे का. ती माहिती बरोबर असेल तरच समोरच्याकडे डॅश आणि रेघा बरोबर उगवतात.

जोडाक्षराचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या आठवड्यात विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. 'भक्ती' तोडायचा कसा, 'भ-क्ती' की 'भक्-ती'? उच्चाराच्या शास्त्राने बघितलं तर दुसरं बरोबर, बोलताना क् पहिल्या तुकड्याला चिकटतो. पण मी 'भ-क्ती' लिहितो आणि याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मराठी डोळ्याला जोडाक्षर अखंड बघायची सवय आहे, पाय मोडलेला क् बघितला की गाणारा क्षणभर अडखळतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा 'भ' वर लांब सूर आहे, चार मात्रांचा. गाणाऱ्याने काय करायला पाहिजे, अ लांबवायचा आणि क् अगदी शेवटी, पुढच्या सुराला लागून सोडायचा. 'भक्' असं लिहिलं तर नवीन मुलं पहिल्याच मात्रेला तोंड बंद करतात आणि सूर तुटतो. 'भ-क्ती' लिहिलं की ती आपोआप भ वर उघडी राहतात. म्हणजे आपली लिपीच इथे गायला सोयीचं तोडून देते. रफाराचंही तेच, 'द-र्श-न', 'सू-र्य', रफार पुढच्या अक्षरावर असतो तसाच राहू द्या. 'तुझ्या' म्हणजे 'तु-झ्या', 'वाऱ्यावर' म्हणजे 'वा-ऱ्या-वर' किंवा 'वा-ऱ्या-व-र', पुन्हा चालीवर. अनुस्वार ज्या अक्षरावर आहे त्याच्याबरोबरच राहतो, 'अं-ग', पण लांब सूर असेल तर नाकातला आवाज शेवटी आणायचा हे तोंडीच सांगावं लागतं, त्याला लिहायची खूण मी तरी वापरत नाही. कुणी 'भक्-ती' लिहीत असेल तर ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, फक्त अख्ख्या गाण्यात एकच पद्धत ठेवा.

आता भातखंडे पद्धतीतून आलेल्यांसाठी, कारण तुमच्या फाईलमध्ये दोन ठिकाणी अवग्रह ('ऽ') टाकलेला दिसतोय. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी (1860–1936) जी स्वरलिपी रूढ केली, त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त आहे ती, त्यात वर सुरांची ओळ आणि खाली शब्दांची ओळ असते, सूर लांबला तर वर आडवी रेघ आणि अक्षर लांबलं तर खाली 'ऽ'. ती पद्धत फार विचाराने केलेली आहे, कारण तिथे एकेक मात्रा म्हणजे एकेक घर आहे, घर रिकामं ठेवता येत नाही, म्हणून अक्षर चालू असल्याची खूण प्रत्येक घरात द्यावी लागते. स्टाफवर वेळ नोटेच्या आकारातच लिहिलेली आहे, घर भरायची गरज नाही. तिथे 'ऽ' टाईप केला की सॉफ्टवेअर त्याला एक स्वतंत्र अक्षर समजतं, त्याच्या आधीचा डॅश आणि रेघ दोन्ही बिघडतं. आणि गाणारेही बिघडतात, मी पाहिलंय, प्रत्येक 'ऽ' ला एक झटका देऊन 'आ-आ-आ' करतात, जिथे सलग मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, हवी असते. हां, तुमच्या कॉयरमध्ये सगळेच स्वरलिपीवर वाढलेले असतील आणि स्टाफ नवीन असेल तर पहिली काही गाणी त्यांच्या सोयीसाठी 'ऽ' ठेवा, मी ठेवलेत, पण मग रेघ आणि 'ऽ' दोन्ही एकत्र नको.

देवनागरी की रोमन हा पूर्णपणे तुमच्या गाणाऱ्यांवर आहे. मंडळातल्या मोठ्यांना देवनागरी वाचता येते आणि तिथे जन्मलेल्या मुलांना येत नाही अशी परिस्थिती असेल (बहुतेक तशीच असते) तर दोन्ही ओळी द्या, वर देवनागरी, खाली रोमन, सॉफ्टवेअरमध्ये रोमन ओळ दुसरं कडवं म्हणून टाकायची. फक्त दोन्ही ओळी एकाच जागी तोडा. वर 'भ-क्ती' आणि खाली रोमनमध्ये क आधीच्या तुकड्याला लावला तर शेजारी उभे असलेले दोघं वेगवेगळ्या वेळी क म्हणतात, रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट ऐकू येतं. गोव्यात स्टाफ वाचून गायची परंपरा जुनी आहे, चर्चच्या शाळांमधून आलेली, आणि तिथे कोकणी गाणी रोमन लिपीत छापलेली सर्रास मिळतात, त्यामुळे स्टाफखाली रोमन म्हणजे काही कमीपणा नाही. पण मराठीसाठी रोमनमध्ये न आणि ण, त आणि ट एकच होतात, ते शिकवताना कानाने भरून काढावं लागतं.

शब्द एकमेकांत घुसतात त्याचं आता. साधारण रिवाज असा आहे की एका नोटवर एकच अक्षर असेल तर ते नोटेच्या मधोमध खाली येतं, आणि अक्षर अनेक नोटांवर फिरत असेल तर ते पहिल्या नोटेच्या डाव्या कडेपासून सुरू होतं, म्हणजे डोळ्याला कळतं की हे पुढे जाणार आहे. रेघ आणि डॅश नीट दिले असतील तर चांगलं सॉफ्टवेअर हे स्वतः करतं. अंतराचा प्रश्न उरतो कारण आपली अक्षरं रुंद आहेत. 'झ्यां', 'ऱ्यां', 'ष्ट्या' ही एका नोटेखाली बसणारी अक्षरं इंग्रजी तुकड्याएवढीच किंवा त्याहून जास्त जागा घेतात, आणि नोटा जवळ असतील तर सॉफ्टवेअर नोटांनाच ढकलून लांब करतं, मग ताल डोळ्याला वाकडा दिसतो, दोन सारख्या नोटांमधलं अंतर एकीकडे दुप्पट.

याला मी या क्रमाने जातो. आधी एका ओळीत बार कमी करतो, पाच असतील तर चार, फार शब्द असतील तर तीन. पान वाढलं तर वाढू दे, गाणाऱ्याला वाचता येणं महत्त्वाचं आहे. तरी जमत नसेल तर शब्दांचा फॉन्ट अर्धा-एक पॉइंट लहान. मग फॉन्टच बदलून बघतो, 'मुक्ता' सारखा सरळ वळणाचा फॉन्ट कमी जागेत जास्त स्पष्ट दिसतो, छापील पुस्तकासारखा हवा असेल तर 'नोटो सेरिफ देवनागरी'. फॉन्ट स्वतः निवडा हे महत्त्वाचं, कारण म्यूझस्कोअरचा शब्दांसाठीचा मूळचा फॉन्ट देवनागरीचा नाही, तुम्ही काही निवडलं नाहीत तर तो कॉम्प्युटरमध्ये जो सापडेल तो देवनागरी फॉन्ट घेतो, तुमच्या मशीनवर एक आणि समोरच्याच्या मशीनवर दुसरा, आणि रुंदी बदलली की सगळी मांडणी बदलते. म्हणून गाणाऱ्यांना नेहमी पीडीएफ पाठवा. बऱ्याच फॉन्टमध्ये आपल्या वळणाचे ल आणि श तेव्हाच येतात जेव्हा प्रोग्रामला भाषा मराठी आहे हे सांगितलेलं असतं, नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सांगायची सोय सहसा नसते, म्हणून ज्यांना हिंदी वळणाचा ल खटकतो (मला खटकतो) त्यांनी मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घ्यावा. आणि जुने नॉन-युनिकोड फॉन्ट अजिबात नको, त्यांत वेलांटी आधी टाईप केलेली असते आणि अक्षर तुकड्या-तुकड्यांनी बनवलेलं असतं, फॉन्ट सापडला नाही की समोर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

उभ्या अंतराकडेही बघा. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणजे अक्षराची उंची रोमनपेक्षा जास्त. दोन कडवी एकाखाली एक असतील तर वरच्या ओळीचा 'तू' खालच्या ओळीच्या 'र्मीं' ला टेकतो. स्टाईलमध्ये शब्दांच्या ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, आणि स्टाफपासूनचं अंतरही, म्हणजे खालच्या सुरांच्या नोटा मात्रांमध्ये घुसणार नाहीत. हे सगळं स्टाईलमधून, अख्ख्या गाण्याला एकदम. हाताने ओढणं सगळ्यात शेवटी, छापायच्या आदल्या दिवशी, आणि तेही चार-पाच जागी.

आता लिलीपाँड. मी दोन्ही वापरतो. लिलीपाँडमध्ये शब्द म्हणजे साधा मजकूर असतो, आपली ओळ अशी लिहायची: अं -- ग -- णा -- त मा -- झ्या __ पा -- ऊस आ -- ला __ आणि बस. दोन डॅश म्हणजे शब्द चालू, दोन अंडरस्कोर म्हणजे रेघ, दोन्हींच्या आजूबाजूला स्पेस हवी. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे स्लर आणि टाय बघून शब्द आपोआप थांबतात, 'णा' वर स्लर असेल तर दुसरी नोट तो स्वतः सोडतो. कण-स्वर, म्हणजे मुख्य सुराआधी ओझरता लागणारा सूर, तुम्ही ग्रेस नोट (छोट्या आकाराची नोट) म्हणून लिहिलात तर त्यालाही तो अक्षर देत नाही, जे आपल्या गाण्याला अगदी हवं तसं आहे, कण-स्वराला स्वतःचं अक्षर कुठे असतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की एक स्लर विसरलात की तिथून शेवटपर्यंत सगळं सरकतं. म्हणजे मोजणी तिथेही सुटत नाही, उलट जास्त काटेकोर लागते. तुम्हाला टेक्स्टमध्ये काम करायला आवडत असेल आणि अनेक कडव्यांची अनेक गाणी करायची असतील तर शिका, महिनाभर जाईल पण फायदा आहे. एका कार्यक्रमासाठी दोन गाणी करायची असतील तर म्यूझस्कोअरच पुरेसं आहे. फिनाले या तिसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरवर असाल तर मात्र आता हलायला हवं, त्याचं पुढचं काम 2024 मध्ये थांबलं.

राहता राहिलं दुसरं कडवं, तुम्ही शेवटच्या ओळीत ओझरतं लिहिलंय की दुसऱ्या कडव्यात 'जास्त शब्द आहेत'. चाल तीच पण अक्षरं कमी-जास्त, हे आपल्या गाण्यांत कायम असतं. पहिल्या कडव्यात एक अक्षर दोन नोटांवर आहे तिथे दुसऱ्यात दोन अक्षरं आहेत, तर त्या जागी स्लर तुटक रेघेचा करा, त्याचा अर्थ गाणारे समजतात की एका कडव्यात धरायचा, दुसऱ्यात नाही. पहिल्या कडव्याला तिथे डॅश किंवा रेघ, दुसऱ्याला दोन अक्षरं. अशा जागा तीन-चारपेक्षा जास्त झाल्या तर मी दुसरं कडवं सरळ पुन्हा लिहितो, वेगळ्या नोटांसकट. मागे एका कार्यक्रमात मी कागद वाचवायला दोन्ही कडवी एकाच स्टाफखाली कोंबली होती, तालमीत सगळं ठीक झालं कारण मी समोर उभा राहून हाताने दाखवत होतो, कार्यक्रमाच्या दिवशी दुसऱ्या कडव्यात अल्टो आवाजाचा गट एकीकडे आणि टेनर आवाजाचा गट दुसरीकडे गेला. त्या मुलांची काही चूक नव्हती, कागदावर जे होतं तेच त्यांनी गायलं. तेव्हापासून मी पान वाढवतो.

आधी फक्त पहिल्या सहा बारचं करा, शब्द तोडून कागदावर, मोजणी, स्लर, मग टायपिंग. चौथ्या बारमधला तो शब्द आणि त्यावरच्या नोटा इथे लिहून टाका, शक्य असेल तर ज्यांनी चाल दिली त्यांच्या आवाजातली तेवढी एक ओळ ऐकून टाका, म्हणजे तो अकार गायला जातोय की गिळला जातोय ते नक्की कळेल.